कुठलं हाड, कुठल्या काळाचं

आजच्या जॉर्डनमध्ये, अम्मान शहराच्या कडेला, ऐन गझल नावाचं एक नवाश्मयुगीन गाव होतं. तिथून पूर्वेला, इराणमधल्या झाग्रोस डोंगररांगांत, गंज दरेह नावाचं दुसरं. दोन्हींमधलं अंतर साधारण मुंबई–दिल्लीएवढं. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी दोन्हीकडची माणसं सारख्याच खटपटीत होती: रानातलं धान्य पेरून पाहायचं, रानातली शेळी दावणीला आणायची. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या सगळ्या पट्ट्याला ‘सुपीक चंद्रकोर’ असं एकच नाव असतं. त्यामुळे शेतीचा शोध लावणारे लोकही एकच असणार, असं वाचणाऱ्याला न सांगता वाटत राहतं. २०१६ साली या भागातल्या प्राचीन हाडांमधला डीएनए वाचला गेला आणि ही समजूत मोडली. झाग्रोसमधले शेतकरी आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतचे शेतकरी यांच्यातला जनुकीय फरक जवळपास आजच्या युरोपीय आणि चिनी माणसांमधल्या फरकाइतका निघाला. दोघेही आपापल्या भागातल्या शिकाऱ्यांचेच वंशज होते. बियाणं, जनावरं, युक्त्या इकडून तिकडे गेल्या. माणसं मात्र बराच काळ आपापल्या खोऱ्यांत राहिली.

पुढच्या काही हजार वर्षांत तोही फरक विरत गेला. ब्राँझयुग येईपर्यंत पश्चिम आशियातले हे शेतकरी एकमेकांत इतके मिसळले की आजचा इराणी आणि आजचा जॉर्डनी माणूस आपल्या त्या पूर्वजांच्या मानाने एकमेकांच्या कितीतरी जवळ आहेत. प्रदेशाप्रदेशातला जनुकीय फरक हा असा असतो. एका काळात तो ठळक असतो, दुसऱ्या काळात पुसट होतो, आणि तिसऱ्या काळात भलत्याच रेषेवर नव्याने दिसू लागतो.

हे पुस्तक त्या सरकत्या रेषांबद्दल आहे. ‘मूळचे कोण आणि उपरे कोण’ याचं उत्तर हवं म्हणून कुणी ते हाती घेतलं असेल, तर त्याची निराशा आधीच पत्करतो. हाडं तो प्रश्न ऐकूनच घेत नाहीत. अमुक ठिकाणी, अमुक काळात पुरलेल्या या माणसाच्या पूर्वजांचं कुणाकुणाशी किती नातं होतं, एवढंच ती सांगतात. त्यातून ठिकाण आणि काळ काढून घेतला की मागे काही उरत नाही. आपल्याकडच्या वादांत नेमक्या याच दोन गोष्टी सर्वांत आधी गळतात.

डीएनए काही हाडात शाबूत बसून राहत नाही. माणूस मेला की त्याचे तुकडे पडू लागतात. ओल, ऊन आणि जिवाणू मिळून काही हजार वर्षांत त्याची अशी अवस्था करतात की उरलेले तुकडे बहुधा शंभर अक्षरांपेक्षाही आखूड असतात. तेही मातीतल्या जिवाणूंच्या आणि हाड हाताळणाऱ्या संशोधकांच्या डीएनएत मिसळलेले. ही भेसळ ओळखायची शिस्त घालून देण्यात स्वांते पाबो यांचा वाटा मोठा. त्यांच्या गटाने २०१० साली निअँडरथल मानवाचा जीनोम वाचून दाखवला, आणि २०२२ साली पाबो यांना नोबेल मिळालं. रोजच्या कामाला गती आली ती मात्र एका लहानशा हाडामुळे. आतला कान ज्याच्या पोटात दडलेला असतो, ते कवटीच्या तळाचं हाड शरीरात सर्वांत घट्ट असतं. इतर हाडांच्या मानाने त्यात कधी कधी शंभरपट डीएनए टिकतो, हे २०१५च्या आगेमागे नीट लक्षात आलं. त्यानंतर जगभरच्या वस्तुसंग्रहालयांतल्या खोक्यांमधून हे हाड शोधलं जाऊ लागलं. (ते कोरताना हाडाचा तो भाग कायमचा जातो. पन्नास वर्षांनी याहून चांगलं तंत्र आलं, तर कोरायला काही शिल्लक असेल का, ही काळजी रास्त आहे. प्रयोगशाळांच्या चढाओढीत ती फारशी ऐकू येत नाही.)

आज दहा हजारांहून अधिक प्राचीन व्यक्तींची जनुकीय माहिती उपलब्ध आहे. त्यांत मोठा भरणा युरोपचा आहे. पैसा आणि प्रयोगशाळा तिकडे आहेत हे एक कारण. थंड माती हे दुसरं. आपल्याकडे वैशाखात जमीन तापते आणि मग चार महिने भिजते. डीएनएच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. म्हणून युरोपच्या नकाशावर ठिपक्यांची दाटी, तर भारतीय उपखंडावर बोटं ठेवून मोजता येतील अशा जागा. हा असमतोल मनात ठेवूनच पुढचं सगळं वाचावं लागेल.

युरोपबद्दल लवकर आटोपतो, कारण तिथली कथा आता बरीच सांगून झाली आहे. स्थानिक शिकारी, अनातोलियातून आलेले शेतकरी आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून, म्हणजे स्तेपमधून, पसरलेले पशुपालक अशा तीन प्रवाहांतून आजचे युरोपीय घडले. प्रवाह तेच, प्रमाण जागोजागी निराळं. सार्डिनिया बेटावर शेतकऱ्यांचा वारसा आजही सर्वाधिक टिकून आहे. ब्रिटनमध्ये इसवी सनपूर्व २४५०नंतरच्या काही शतकांत तिथला जवळपास ९० टक्के जनुकीय वारसा बदलून गेला.

एट्रुस्कन लोकांपाशी मात्र थांबायला हवं. रोमच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या या लोकांची भाषा आजूबाजूच्या भाषांहून अगदी वेगळी, इंडो-युरोपीय कुळाबाहेरची होती. हे लोक आशिया मायनरमधल्या लिडियातून आले, असं हिरोडोटसने लिहून ठेवलं, आणि अडीच हजार वर्षं विद्वान त्यावर भांडत राहिले. २०२१ साली मध्य आणि दक्षिण इटलीतल्या ८२ प्राचीन व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एट्रुस्कन त्यांच्या लॅटिनभाषक शेजाऱ्यांसारखेच निघाले. स्तेपचा वारसाही त्यांच्यात तसाच होता. तो वारसा आला आणि भाषा मात्र जुनीच राहिली. भाषेवरून रक्त आणि रक्तावरून भाषा ओळखण्याची घाई ज्यांना होते, त्यांनी हे उदाहरण उशाशी ठेवावं. आपल्याकडच्या आर्यांच्या वादात दोन्ही बाजूंना त्याची गरज आहे.

आता आपल्या उपखंडाकडे वळतो.

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं राखीगढी हे हडप्पा संस्कृतीतल्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दफनभूमीचं उत्खनन झालं. साठाहून अधिक नमुने तपासले गेले. उपयोगी पडेल इतका डीएनए एकातच सापडला. ती एक स्त्री होती, साडेचार हजार वर्षांच्या आसपास जुनी. तिच्या एकाच हाडाच्या चूर्णातून पुन्हा पुन्हा, शंभराहून अधिक प्रयत्नांतून, थोडीथोडी माहिती जमवून तिचा जीनोम वाचला गेला. तिच्यात दोन प्रवाह दिसले. एक प्राचीन इराणच्या लोकांशी नातं सांगणारा, दुसरा उपखंडातल्या फार जुन्या शिकारी-संग्राहकांचा. या दुसऱ्या प्रवाहाचे दूरचे भाईबंद आज अंदमानात आहेत. स्तेपचा वारसा तिच्यात नव्हता.

ही माहिती सप्टेंबर २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच आठवड्यात दुसरा, मोठा शोधनिबंध आला: मध्य आणि दक्षिण आशियातल्या ५२३ प्राचीन व्यक्तींचा. त्यात स्तेपमधला वारसा इसवी सनपूर्व २००० ते १५००च्या दरम्यान दक्षिण आशियात पोहोचल्याचं म्हटलं होतं. दोन्ही निबंधांचे बरेचसे लेखक सामाईक होते आणि दोहोंत विसंगती काहीच नव्हती. ती स्त्री त्या आगमनाच्या आधीची, एवढाच अर्थ. तरी वृत्तपत्रांनी एकातून ‘कुणी आलंच नाही’ असा मथळा काढला आणि दुसऱ्यातून ‘आले’ असा. ज्याने त्याने आपल्याला हवा तो निबंध उचलला. दोन्ही ओळीने वाचायला फार तर एक दुपार लागली असती.

त्या मोठ्या निबंधातली खरी गंमत मथळ्यांत आलीच नाही. तुर्कमेनिस्तानमधलं गोनूर आणि इराणच्या पूर्व सीमेवरचं शहर-ए-सोख्ता या दोन प्राचीन नगरांत अकरा माणसं अशी सापडली की ती तिथल्या शेजाऱ्यांसारखी मुळीच नव्हती. त्यांच्यात उपखंडातल्या शिकाऱ्यांचा वारसा होता. या दोन्ही नगरांचे सिंधू खोऱ्याशी संबंध होते, हे तिथल्या वस्तूंवरून आधीच माहीत होतं. तेव्हा ही माणसं सिंधू खोऱ्यातून गेलेली असावीत असा तर्क केला गेला, आणि राखीगढीची स्त्री त्यांच्यासारखीच निघाल्यावर त्याला बळ आलं. म्हणजे हडप्पाकालीन माणसांची ओळख आपल्याला आधी पटली ती परदेशी मेलेल्यांवरून!

या बारा जणांतही सारखेपणा नव्हता. इराणशी नातं सांगणारा वारसा कुणात ४५ टक्के, तर कुणात ८२ टक्के. शिकाऱ्यांचा वारसा ११ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. सिंधू संस्कृती अफगाणिस्तानातल्या शोर्तुगईपासून गुजरातपर्यंत पसरलेली होती आणि तिच्या उत्तरकाळाची दक्षिण कड आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादपर्यंत येते. एवढ्या विस्तारात सगळीकडे एकाच प्रमाणाचं मिश्रण असेल, ही कल्पनाच चमत्कारिक आहे. मुद्रा, वजनं, विटांचं माप एक असलं म्हणून पूर्वज एक होत नाहीत. राखीगढीच्या त्या एका स्त्रीवर ‘हडप्पाचे लोक’ हा सगळा भार टाकणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

तिच्यातल्या इराणशी नातं सांगणाऱ्या वारशाचंही असंच. २०१९च्या निबंधाने हा प्रवाह इराणमधल्या शेतकऱ्यांपासून शेतीच्या आधीच वेगळा झाला, असा निष्कर्ष काढला. तेव्हा इथली शेती तिकडून आलेल्या लोंढ्याने आणली नसावी, हा त्याचा पुढचा अर्थ. पुढे भारतातल्या २,७०० हून अधिक लोकांच्या जीनोमवर आधारलेला अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्याला हा वारसा ताजिकिस्तानातल्या सराझम इथल्या प्राचीन शेतकऱ्यांशी सर्वांत जवळचा वाटला. म्हणजे प्रश्न पुन्हा उघडा. ‘इराणी’, ‘स्तेप’ ही लेबलं हाती आलेल्या हाडांपैकी सर्वांत जवळचं हाड कुठलं, यावरून लागतात. नवं हाड सापडलं की लेबल बदलतं.

पाकिस्तानातलं स्वात खोरं हे उपखंडातलं आणखी एक भाग्यवान ठिकाण. उंचीवरचं, म्हणून थंड. इटालियन पुरातत्त्वज्ञ तिथे १९५०च्या दशकापासून काम करत आहेत. तिथल्या इसवी सनपूर्व १२००नंतरच्या थडग्यांमधल्या माणसांत स्तेपचा वारसा आहे, पण पित्याकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रांत त्याच्या खुणा फारच कमी. म्हणजे तो मुख्यतः स्त्रियांमार्फत आला असावा. आजच्या भारतात नेमकं उलटं दिसतं: स्तेपच्या खुणा पुरुषांच्या वंशरेषेत अधिक ठळक आहेत. एकच प्रवाह, दोन जागी दोन तऱ्हांनी शिरलेला. घोड्यावर बसून आलेल्या टोळीचं शाळकरी चित्र ज्यांच्या मनात आहे, त्यांना स्वातमधल्या त्या बायकांचं काय करायचं हे ठरवावं लागेल.

सिंधू संस्कृतीची नगरं ओस पडल्यावर तिथला वारसा उत्तरेत स्तेपच्या वारशात मिसळला आणि दक्षिणेत तिथल्या शिकारी-संग्राहकांच्या वारशात. असे दोन मोठे मिश्रणांचे साठे तयार झाले. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले लालजी सिंग, कुमारस्वामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांनी त्यांना ‘पूर्वज उत्तर भारतीय’ आणि ‘पूर्वज दक्षिण भारतीय’ अशी नावं दिली. नावं सोयीची आहेत, आणि गैरसमजालाही तितकीच सोयीची. कारण या दोन्हींपैकी शुद्ध असं आज कुणीच नाही. त्यांनी अभ्यासलेल्या समाजांत उत्तरेकडच्या साठ्याचा वाटा ३९ ते ७१ टक्के होता. काश्मिरातही दक्षिण आहे आणि तामिळनाडूतही उत्तर. मुंडा भाषक समाजांत तिसराच धागा येतो. त्यांच्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांत आग्नेय आशियाची खूण ठळक आहे, मायटोकाँड्रियातला मातृवारसा मात्र इथलाच. मेळघाटातले कोरकू या भाषाकुळाचं पश्चिम टोक. अमरावती जिल्ह्यातल्या डोंगरात बोलल्या जाणाऱ्या भाषेचे सोयरे व्हिएतनाम-कंबोडियात आहेत, हे किती मराठी माणसांना ठाऊक असतं?

हे दोन साठे एकमेकांत मिसळले ते साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात, असं २०१३ सालच्या अभ्यासात दिसलं. मिसळणं सार्वत्रिक होतं. वरचे-खालचे, गावातले-रानातले, सगळे त्यात आले. मग ते थांबलं. लग्नं जातीच्या आत होऊ लागली आणि इतकी काटेकोरपणे की त्याची नोंद जीनोममध्ये उमटली. तोवर फरकाची रेषा खोऱ्याखोऱ्यांतून, डोंगरांच्या कडेने जात होती. आता ती गावातून, आळीआळीतून जाऊ लागली. एकाच गावात शेजारी राहणाऱ्या दोन जातींमधला जनुकीय फरक बहुधा उत्तर आणि दक्षिण युरोपातल्या माणसांमधल्या फरकाच्या दुप्पट-तिप्पट असतो. पश्चिम आशियातल्या शेतकऱ्यांनी हजार किलोमीटरचं अंतर ओलांडून जे पुसलं, ते आपण एका वेशीच्या आत जपून ठेवलं. यात कौतुक करण्यासारखं मला काही दिसत नाही.

हे मराठीत पहिल्यांदाच कुणी सांगतंय असंही नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनाला गेल्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, हे बाईंनी दाखवावं ही अपेक्षा होती. मोजमापांतून तसं काही निघालं नाही आणि बाईंनी ते तसंच लिहिलं. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून निरनिराळ्या समाजांची शारीरिक मोजमापं घेतली. नाव एक आणि धंदा एक असलेल्या जातीही प्रदेशाप्रदेशात निराळ्या असू शकतात, आणि अभ्यासाचं खरं एकक म्हणजे जिच्यात प्रत्यक्ष लग्नं होतात ती लहान जात, हा त्यांचा आग्रह होता. कवट्या मोजण्याचं ते शास्त्र आज मोडीत निघालं आहे, आणि निघायलाच हवं होतं. पण आजचे जनुकशास्त्रज्ञ नमुने गोळा करताना एकक कोणतं धरतात, हे पाहिलं तर बाईंचा आग्रह बरोबर होता असंच म्हणावं लागेल.

खुद्द महाराष्ट्रातल्या प्राचीन माणसांबद्दल या पुस्तकात जे प्रकरण आहे, ते तापत्या-भिजत्या मातीत डीएनए फारसा टिकत नसल्यामुळे इतरांपेक्षा वेगळ्या साधनांवर उभं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झालं. इसवी सनपूर्व १६०० ते ७००च्या दरम्यानची ही शेतकऱ्यांची वस्ती. मेलेली मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरलेली. मोठ्यांना पुरताना घोट्याजवळून पाय तोडलेले. दोनशेहून अधिक दफनं. त्या दातांचा आणि हाडांचा बारकाईने अभ्यास झाला आणि आहार, आजार, बालमृत्यू यांबद्दल खूप काही कळलं. ही माणसं माळव्याकडून खाली आली की इथल्याच रानातले लोक नांगराला लागले, हे मात्र भांड्यांच्या रंग-नक्षीवरून ठरवत आलो. भांडी माणसांशिवायही हिंडतात, जशी वर पश्चिम आशियात बियाणं आणि युक्त्या हिंडल्या.

एकत्र सापडलेले ते एकच, या समजुतीचा सर्वांत मोठा फजितवाडा उत्तराखंडातल्या रूपकुंडावर झाला. पाच हजार मीटर उंचीवरच्या त्या तळ्याकाठी शेकडो माणसांची हाडं विखुरली आहेत. फौज म्हणा, यात्रेकरू म्हणा, गारपीट म्हणा. सगळ्या कथांत एक गट होता आणि एक दुर्घटना. २०१९ साली ३८ जणांचा डीएनए वाचला गेला. त्यांतले २३ भारतीय वंशाचे, तेही आपसांत बरेच वेगळे, आणि इसवी सन ८००च्या आसपास मेलेले, बहुधा एकाच वेळी नव्हे. १४ जण ग्रीस-क्रीटकडच्या लोकांसारखे, आणि ते मेले हजार वर्षांनंतर, १८००च्या सुमारास. एक जण आग्नेय आशियातला. भूमध्य समुद्राकडची ही माणसं हिमालयात काय करत होती, याचं उत्तर डीएनएपाशी नाही. ते कागदपत्रांत शोधावं लागेल, आणि ते काम इतिहासकारांचं आहे.

आता शेवटच्या प्रकरणांबद्दल. जुन्या वारशाचा आजच्या शरीराशी काय संबंध, हे वाचकाला हटकून विचारावंसं वाटतं, आणि इथे दोन गोष्टींची गल्लत होते. विदर्भात, नंदुरबारमध्ये आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकल सेलचा आजार आहे. तो पूर्वज कुठून आले याचा दाखला नव्हे. या दोषाची एकच प्रत असेल तर मलेरियापासून बचाव होतो. जिथे मलेरिया होता तिथे तो दोष टिकला, मग माणसं कुठल्याही वंशाची असोत. दुसरी गोष्ट थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आतल्या आतच लग्नं करत राहिलेल्या समाजांची. २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समाजांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ८१ समाजांत थोड्या पूर्वजांचा हा परिणाम फिनलंडचे लोक किंवा पूर्व युरोपातले ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र निघाला. आणि त्या दोघांची उदाहरणं वैद्यकाच्या पुस्तकांत आनुवंशिक आजारांसाठी नेहमी दिली जातात. आंध्र-तेलंगणातला वैश्य समाज हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. दोन-तीन हजार वर्षांत त्यांच्यात बाहेरून जवळजवळ काही आलेलं नाही. शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू सैल करण्यासाठी सक्सिनिलकोलिन नावाचं औषध देतात. ते शरीरात मोडून टाकणारं विकर या समाजातल्या काही जणांत नसतं. इतरांमध्ये काही मिनिटांत उतरणारा औषधाचा परिणाम त्यांच्यात तासन्‌तास राहतो आणि तेवढा वेळ श्वास यंत्राने द्यावा लागतो. म्हणून भूल देणारे डॉक्टर आधीच विचारून घेतात, घरात कुणाला भुलीतून बाहेर यायला उशीर लागला होता का.